खेळाडू खेळायचा थांबला की मग तो आपला कोण? (एका गुणलेखकाचा प्रश्न)

रापणीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं फक्त वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वेंगुर्ला तालुक्यातला, कॅथलिक, आणि आमच्या वाडीच्या कबड्डी मंडळाचा गुणलेखक. म्हणजे टेबलाशी बसून वही भरणारा माणूस. खेळायला अंगात दम नव्हता पण अक्षर बरं म्हणून एकदा बसवलं ते 18 वर्षं बसवलंच.

गेल्या आठवड्यात पावसाच्या आधी कौलं चाळायची म्हणून माळ्यावरचं सामान खाली काढलं तर जुन्या वह्या मिळाल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. एक उघडली ती नेमकी 2016 च्या फेब्रुवारीतली. आमचा त्या वेळचा सगळ्यात भारी चढाईपटू, नाव देत नाही, जर्सी नंबर 7. दुसऱ्या डावात त्याची चढाई होती, डाव्या कोपऱ्यातल्याने घोटा धरला, वरून अजून दोघं पडले आणि गुडघा गेला. आवाज मला टेबलापर्यंत आला होता, सुकलेलं चुडत (माडाची झावळी) मोडल्यासारखा. आता त्या चढाईसमोर माझ्या वहीत काय आहे तर समोरच्या संघाला 1 गुण, सातवर काट, टाइम आऊट, वेळ. खालच्या ओळीत बदली खेळाडूचा नंबर. एवढंच. अक्षरसुद्धा हललेलं नाही हो.

ह्याच पोराला आम्ही खांद्यावरून तिठ्यापर्यंत नाचवत आणलेलं. बॅनरवर फोटो. फेस्ताच्या मिस्सेनंतर फादरांनी पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावलेल्या, त्याची आई पहिल्या बाकावर रडत होती. मग बांबोळीला (गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात) नेलं, लिगामेंट तुटलं म्हणाले, मंडळाने एकदा वर्गणी काढून दिली आणि पुढच्या सीझनला 7 नंबरची जर्सी दुसऱ्या पोराला दिली. तीच जर्सी, धुऊन. आज तो जेट्टीवर बर्फ फोडायच्या कामाला आहे, दिसला की मी गाडीवरूनच 'काय, बरा मां?' म्हणतो आणि पुढे जातो. तो हात वर करतो.

आता धर्माचं. जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण असतो, त्या रविवारचं प्रवचन तेव्हा माझ्या कानावरूनच गेलं होतं, ते वही बघून आठवलं. येशू यार्देन नदीतून वर येतो आणि आकाशातून वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. फादर म्हणालेले की मार्कचं शुभवर्तमान उघडून बघा, हे पहिल्याच अध्यायात आहे, तोपर्यंत त्याने एक आजारी बरा केलेला नाही, एक दृष्टांत सांगितलेला नाही, शिष्य नाहीत, काही नाही. इतकी वर्षं नासरेथात सुतारकाम. म्हणजे गुणफलक कोरा आणि बाप आधीच संतुष्ट! आणि आमचं उलटं, आधी गुण दाखव मग प्रेम, गुण संपले की प्रेम पण बाद.

तर प्रश्न असा की आपण खेळाडूला मान देतो तो त्याला देतो की त्याच्या आकड्यांना? आणि ख्रिस्ती माणूस म्हणून ह्यात मी काही वेगळं करायला पाहिजे होतं का?

---

माडबागायत

धागा आवडला. पण एक सांगू का, रागवू नका, ह्यात ख्रिश्चन-हिंदू कशाला? माणुसकी आहे ही. आणि विसरणं पण सगळ्यांचं सारखंच. खाशाबा जाधव घ्या, 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तिथे जायला लोकांकडून पैसे गोळा करावे लागले, आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक. 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. म्हणजे जो जिंकला त्याची ही गत, तुमच्या सात नंबरचं काय घेऊन बसलात.

---

रापणीवरचा

माडबागायत, रागवायचं काय त्यात. दुसऱ्यांकडे नाही असं म्हणायचं नाही मला, माझ्या घरात जे पुस्तक वाचतात त्यातून मला जे टोचलं ते लिहिलं. तुमच्याकडे जे असेल ते तुम्ही लिहा, मला वाचायचंय.

---

निवृत्त_पीटी

31 वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात खेळाचा मास्तर होतो. धागा भावुक आहे, चांगला आहे, पण मला थोडं खडूस बोलू द्या.

माझ्याकडे येणारी पोरं कुठली? बाप खलाशी नाहीतर आंबा बागेत राखणदार, आई काजूच्या फॅक्टरीत. त्यांच्यासाठी खेळ ही हौस नाही, शिडी आहे. दहावीला खेळाचे वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत 5 टक्के खेळाडू आरक्षण, पोलीस, रेल्वे. आणि ह्या शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे परफॉर्मन्सच आहे, सर्टिफिकेटवर 'हा मुलगा मनाने चांगला आहे' असं लिहून चालत नाही. मी पोराला म्हटलं की बाळा तू हरलास तरी मला तेवढाच प्रिय, तर तो म्हणेल सर मग मला संघात घ्या. काय सांगू त्याला?

माझ्या मते खेळाडूचा खरा मान म्हणजे त्याच्याकडून शंभर टक्के मागणं. मायेने ढिलं सोडलेली पोरं वाया गेलेली बघितली आहेत. आणि तुमच्या बायबलमध्येच आहे ना, शाळेत एक ख्रिश्चन बाई होत्या त्या क्रीडादिनाला वाचायच्या, शर्यतीत धावतात सगळे पण बक्षीस एकालाच मिळतं, तेव्हा मिळेल असं धावा. मग?

---

वसईचा_बचावपटू

पीटी सर, ते संत पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 9. पण त्या बाई पुढची ओळ वाचायच्या की नाही? लगेच पुढे तो म्हणतो की ते लोक नाशवंत मुगुटासाठी हे सगळं करतात. आणि हे तो कोणाला लिहितोय, करिंथच्या लोकांना, ज्यांच्या गावाजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे आणि तिथे विजेत्याच्या डोक्यावर पाइनच्या डहाळीचा नाहीतर सुकलेल्या सेलरीचा मुगुट घालायचे. सुकलेली भाजी हो डोक्यावर! ती दोन दिवसांत गळायची हे त्या वाचणाऱ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. तर पौल धावू नका म्हणत नाही, जोर लावा म्हणतो, फक्त त्या पाल्यावरून माणसाची किंमत करू नका.

तुमचं दुसरं मात्र बरोबर आहे, प्रेम वेगळं आणि निवड वेगळी. संघातून काढलं म्हणजे अपमान नाही. काढल्यावर ओळख दाखवली नाही तो अपमान.

मी फुटबॉलवाला, आमच्याकडे गावागावात टुर्नामेंट असतात. मला सारखा बुकायो साका आठवतो. 2021 च्या जुलैत युरोच्या फायनलला वेम्बलीवर इंग्लंडची शेवटची पेनल्टी ह्या 19 वर्षांच्या पोराला दिली, इटलीच्या गोलकीपरने अडवली, आणि त्या रात्री त्याला, रॅशफर्डला, सँचोला ज्या वर्णावरून शिव्या पडल्या त्या सगळ्या जगाने वाचल्या. पोरगा देवभीरू आहे, रात्री झोपताना बायबल वाचतो असं त्यानेच सांगितलंय. मी टीव्हीसमोर काय केलं? तोंडातून शिवीच आली. मिस्सेला जाणारा, कम्युनियन घेणारा माणूस मी. वर्णाची नव्हती, साधी होती, पण शिवीच.

अवांतर: 2018 च्या जूनमध्ये व्हॅटिकनने खेळावर एक अख्खा दस्तऐवज काढलाय, चर्चने खेळाबद्दल एवढं सविस्तर पहिल्यांदाच लिहिलं. त्यातलं मला पटलेलं म्हणजे खेळाडू हा माल नाही, साधन नाही, आणि हे पालकांना पण लागू. आमच्याकडे टचलाइनला उभे राहणारे बाप बघा एकदा.

---

खारा_वारा

मी ख्रिश्चन नाही, धाग्यात शिरू की नको विचार करत होते, पण लिहितेच.

मी 400 मीटर धावायचे. जिल्हा, विभाग, एकदा राज्य. वीस वर्षं होत आली. सकाळी पाचला वाळूवर प्रॅक्टिस, ओहोटी असली की ओली वाळू घट्ट असते, तिथे. मुलगी खेळाडू असली की लोक फक्त वेळ नाही बघत, मांड्या बघतात, रंग बघतात (उन्हात किती काळवंडलीस, कोण करणार तुला), लग्नाचं वय बघतात. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी मेडल्स मोजली, खरंच मोजली, पाहुण्यांना दाखवायला. लग्नानंतर ती एका पिशवीत आहेत आणि गेल्या वीस वर्षांत मला एकाने पण विचारलेलं नाही की धावायचं थांबलीस तेव्हा तुला कसं वाटलं. तुमच्या सात नंबरला विचारलंत का कोणी?

कुस्तीतल्या विनेश फोगाटचं बघा. पॅरिसला 2024 ला फायनलच्या सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं आणि सगळंच गेलं. आदल्या दिवशी युई सुसाकीला हरवलेलं, जिला आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर कोणी हरवलं नव्हतं. माझ्या घरच्या ग्रुपवर काय चर्चा, तर रात्री एवढं खाल्लंच कशाला! त्या रात्री वजन उतरवायला ती जेवली नाही, व्यायाम केला, केस कापले, तिच्यासाठी एक शब्द नाही. आणि जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिंपिकला मधेच थांबली, हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेना, तिथे हट्ट केला तर मान मोडते, तर लोक म्हणे पळपुटी. पॅरिसला तीन सुवर्ण घेतल्यावर परत देवी. मधली तीन वर्षं ती कोण होती?

मला त्या नदीवाल्या गोष्टीचं फार वाटलं. आधी संतुष्ट आणि मग काम. मला असं कोणी सांगितलं असतं तर मी कदाचित अजून पण धावले असते, मजेसाठी.

---

माडबागायत

खारा_वारा +1. काय लिहावं कळेना. सासरचं मोजणं वाचून माझ्या घरातला एक प्रसंग आठवला, इथे नको.

---

वेचलेली_शिंपली

मी प्रोटेस्टंट आहे, आमच्या लोकांचे कान धरायला आलेय, धागाकर्त्यांनी फक्त मंडळाला दोष दिलाय म्हणून.

कन्व्हेन्शनमध्ये, युथ मीटिंगमध्ये साक्ष द्यायला कुठला खेळाडू बोलावतात? जिंकलेला. 'प्रार्थना केली आणि देवाने यश दिलं.' ज्याने तेवढीच प्रार्थना केली आणि पहिल्या फेरीत बाहेर पडला त्याला माइक कोण देतं? म्हणजे गुणफलक आम्ही चर्चमध्ये पण नेऊन टांगलाय, फक्त वर क्रूस लावलाय.

क्रिकेटवाल्या जेमिमा रॉड्रिग्जचं ताजं उदाहरण. 2025 च्या 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत वर्ल्डकपच्या सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127, 339 चं टार्गेट, आणि मग तिने रडत रडत सांगितलं की ह्या दौऱ्यात मी जवळजवळ रोज रडले, मन ठिकाणावर नव्हतं, शेवटी शेवटी फक्त वचन म्हणत होते, स्तब्ध राहा, देव तुझ्यासाठी लढेल. निर्गम 14 मधलं. तो व्हिडिओ मला एका रात्रीत अकरा ग्रुपवर आला. आमची पोरगी, आमची पोरगी! पण त्याच वर्ल्डकपमध्ये ती दोनदा शून्यावर गेली होती, इंग्लंडच्या मॅचला बाहेर बसवली होती. तेव्हा ह्या अकरा ग्रुपपैकी एकावर तरी 'जेमिमासाठी प्रार्थना करा' आलं होतं का? मी स्क्रोल करून बघितलं. नव्हतं. आणि समजा ती त्या दिवशी 7 वर आउट झाली असती आणि मग हेच बोलली असती की मी रोज रडते, तर आपण काय म्हटलं असतं? कारणं देते.

रापणीवरचे, तुमच्या वहीवरून एक आठवलं. स्तोत्र 56 मध्ये दावीद देवाला म्हणतो, माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव, ती तुझ्या वहीत नोंदलेली नाहीत का. म्हणजे वही तिकडे पण आहे. रकाने वेगळे आहेत.

---

रापणीवरचा

हे वाचून जेवण गेलं नाही. रात्री बायबल काढून वाचलं परत.

---

जुना_दीपस्तंभ

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलशिवाय हा धागा पुरा होणार नाही म्हणून.

संडे स्कूलला आम्हाला गोष्ट अशी सांगायचे, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला 100 मीटरची हीट रविवारी होती, तो धावला नाही, देवाचा दिवस पाळला म्हणून देवाने त्याला 400 मीटरचं सुवर्ण दिलं, 47.6 सेकंद. टाळ्या, गोष्ट संपली. मोठा झाल्यावर कळलं की गोष्ट तिथे संपवणं हीच लबाडी आहे, कारण मग देव म्हणजे पदक देणारा क्रीडा अधिकारी झाला.

खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्याच वर्षी धावणं सोडून तो चीनला मिशनरी म्हणून गेला. 1943 ला जपान्यांनी वेइशियनच्या छावणीत कोंडलं. तिथे तो पोरांना शिकवायचा, खेळ घ्यायचा. रविवारी खेळ नाही हा त्याचा नियम सुरुवातीला छावणीत पण होताच, पण पोरं रविवारी हॉकी खेळताना भांडून मारामारीवर आली, तर पुढच्या वेळी हा स्वतः पंच म्हणून उभा राहिला. ज्या रविवारसाठी 100 मीटर सोडली तो पोरांसाठी मोडला! मला ह्या माणसाचं सुवर्णापेक्षा हे मोठं वाटतं. 1945 च्या फेब्रुवारीत मेंदूच्या गाठीने तिथेच गेला, 43 वय. जायच्या काही आठवडे आधी छावणीतल्या एका पोराला थंडीत पायात काही नाही बघून आपले धावायचे झिजलेले बूट दिले. सुतळीने बांधून डागडुजी केलेले. त्या पोराला तो कोण आहे ते माहीत होतं, पण त्या दिवशी त्याला बूट पाहिजे होते.

---

निवृत्त_पीटी

दीपस्तंभ, हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. मी माझं म्हणणं मागे घेत नाही पण एक कबुली देतो, माझी 31 वर्षांतली जी पोरं राज्यावर गेली त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. जी मधेच गळली त्यांच्यातल्या चार जणांची पण आठवत नाहीत, काल रात्री प्रयत्न केला.

---

शिरोड्याची_काकी

अरे बाबू, मी सगळा वाचलंय, नातीन मोबाईल लावून दिल्यान. तुमी सगळे हुशार, काय काय लिवतास. पण माका एक सांग रापणीवरच्या, इतको धागो झालो, तू त्या झिलाच्या घराक गेलंस काय? वही बघून रडान काय होतला. पाच मिन्टाचो रस्तो. जा नि ये, मगे लिव.

---

रापणीवरचा

(चार दिवसांनी)

काकी, गेलो. तुमच्या भीतीने गेलो म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी सातच्या सुमाराला, खुरसाजवळ लदीन (प्रार्थना) होतं ते आटपून. हातात काय न्यावं कळेना म्हणून वहीच नेली, वरून प्लॅस्टिकची पिशवी. तो पडवीत जाळ्याची गाठ मारत बसलेला, उजवा पाय सरळ करून, तो गुडघा अजून पूर्ण वळत नाही. मला बघून उठायला लागला, मी म्हटलं बस. मग दोघं गप्प. त्याच्या आईने चहा आणला, ती पण गप्प, दहा वर्षांत मी पहिल्यांदा त्या पायऱ्या चढलो होतो हे तिला पण माहीत, मला पण. माफी मागायचं ठरवून गेलेलो, वाक्यं पण तयार केलेली. ती बाहेर आलीच नाहीत. मी विचारलं, थांबलास तेव्हा कसं वाटलं रे तुला? (खारा_वारा, तुमचा प्रश्न.) तो जाळ्याकडेच बघत म्हणाला, कबड्डीचं काय नाही दादा, रात्री झोपेत अजून दम घुमतो, फक्त आधी संध्याकाळ झाली की कोणीतरी हाक मारायचं, ते बंद झालं.

मग त्याने पिशवीकडे बघून विचारलं काय आहे. वही दिली. त्याने बरोबर ती मॅच काढली, तारीख त्याला पाठ होती. बोट फिरवत त्या ओळीपर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं आता हा रडणार. तर म्हणतो, दादा, ह्यात बोनस कुठाय?

मी म्हटलं कसला बोनस.

म्हणे मी बोनस घेतला होता, पुढचा पाय लाइनच्या पलीकडे, मागचा हवेत, त्यानंतर घोटा धरला. पंचाने अंगठा दाखवलेला, मी पडल्या पडल्या बघितलेला. आपल्याला 1 पाहिजे होता, तू लिहिलासच नाहीस. मी म्हटलं अरे मी बसलोय तिथे आणि मला दिसला नाही असं कसं होईल, 18 वर्षांत माझा बोनस चुकलेला नाही. तर तो म्हणाला, तू पंचाकडे बघत कुठे होतास, तू माझ्याकडे बघत होतास. उभा राहिलेलास टेबलामागे.

मला हे अजिबात आठवत नाही. खरंच नाही.

तीन गुणांनी हरलो होतो ती मॅच, एका बोनसने काही होणार नव्हतं. पण तो ऐकेना. जाळं शिवायच्या सामानात त्याच्याकडे पेन्सिल होती, ती घेऊन मी तिथे छोटा त्रिकोण काढला, बोनसची खूण. त्याने वही डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि आईला हाक मारून दाखवली.

उद्या संध्याकाळी मैदानावर येणार म्हणालाय, पोरांना चढाई दाखवायला. बघू येतो का. नाही आला तर मी जाणार आहे पडवीत.

---

शिरोड्याची_काकी

बरा केलंस रे बाबा.

---

निवृत्त_पीटी

चांगलं केलंत. फक्त एक तांत्रिक शंका, त्या वेळी मैदानात समोरचे किती जण होते? सहापेक्षा कमी असतील तर बोनस लाइन चालूच नसते, त्रिकोण खोडावा लागेल.

---

रापणीवरचा

सर, वही त्याच्याकडेच ठेवली आहे. थांबा, फोन करतो.

सहा होते. त्याने नंबरासकट सांगितले.